अहो सुनंदाबाई

सुनंदाबाईंना 'अहो' म्हटलं नाही, की ब्लाउज हमखास घट्ट शिवून यायचा. समोरच्या वहिनी एकदा "अरे, बाही जरा लांब ठेव" म्हणाल्या, तर त्या ब्लाउजात त्यांना हातच वर करता येईना.

नव्वदच्या दशकातलं, अबुधाबीच्या वाळवंटातलं रुवैस. नवरे रिफायनरीत, आम्ही बायका फ्लॅटमध्ये, आणि बाजारातल्या दुकानात या कणकवलीच्या टेलर. व्हिसावर नाव सदानंद, अंगात पँट-शर्ट. मापं घ्यायला घरी आल्या, की दार लागताच पिशवीतली ओढणी खांद्यावर यायची. "वयनी, मी सुनंदा. बाईमाणसाशी रीतीनं बोलायचं, नायतर खलास."

मला सुरुवातीला हसू आवरायचं नाही. पण माझी लेक म्हणाली, "आई, डोन्ट लाफ. शी इज सो ग्रेसफुल." मग मी मुकाट्यानं चहा टाकला. तोही कपबशीतच हवा. स्टीलच्या पेल्यातला चहा म्हणे गड्यांचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी आम्हा सगळ्यांना नऊवारी नेसवली. "पोट आत घ्या, वयनी. अजून आत. बरं, ऱ्हवांदे." मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. कुंकू लावत लावत मी त्यांच्यापुढे आले आणि अडखळले. सगळ्या बघत होत्या. तरी लावलं. त्यांनी डोळे मिटले आणि वाण घ्यायला ओढणी पसरली. मी कोण मोठी सुधारक, असं मला वाटून गेलं.

निघताना त्यांनी एकदा आरशात पाहिलं आणि रुमालानं कपाळ खसाखसा पुसलं. "खोलीवर सगळे गडी. कुणी बघितलं तर नोकरी जाईल, पोलीस येतील." ओढणी परत पिशवीत गेली.

बाकीच्यांना मी जिन्यापर्यंत सोडून आले होते. बायकांच्या खऱ्या गप्पा निरोप घेतल्यावर, जिन्याच्या कठड्यापाशीच तर सुरू होतात. सुनंदाबाई चपला घालत म्हणाल्या, "मला सोडायला येव नका हां वयनी. लोक तुम्हाला नावं ठेवतील."

मी दार लावलं आणि मला चक्क हायसं वाटलं. सहज दाराच्या भिंगातून पाहिलं. बाई गेल्याच नव्हत्या. जिन्याच्या कठड्याला धरून, आमच्या दाराकडे तोंड करून, थोड्याशा हसऱ्या चेहऱ्यानं त्या वाट बघत होत्या.

माझा हात कडीवर होता. सांगायला लाज वाटते, पण मी दार उघडलं नाही.