पुलाजवळचं वळण

"पडणं काय, माणूस घोड्यावरूनही पडतो! आठवडाभरात मी पुन्हा मोटारसायकलवर दिसेन!" हाताचं प्लास्टर निघालं त्या दिवशी तेमिरकुलनं अख्ख्या गावाला ठणकावून सांगितलं.

तेमिरकुल गुरांचा डॉक्टर. वरच्या कुरणांतले मेंढपाळ लसीसाठी त्याची वाट बघून थकले होते. पण वसंतात पुलाजवळच्या वळणावर खडीवरून घसरून हात मोडल्यापासून, किक मारायला पाय उचलला की त्याचे गुडघे थेट संपावर जायचे!

मग त्यानं युक्ती काढली. रोज सकाळी हेल्मेट घालून तो गाडी ढकलत गावाबाहेर न्यायचा, पॉपलरच्या झाडाखाली तासभर बसायचा आणि ढकलतच परत आणायचा. घामानं निथळत!

"केवढी चालवता हो!" बायको बुरुलचा कौतुकानं म्हणायची.

त्या कौतुकानंच घात केला. पलीकडच्या गावात तिच्या मावशीच्या नातवाला पाळण्यात घालायची मेजवानी होती. बुरुलचानं आईला परस्पर कळवलं, "हे सोडतील की तुला!"

सत्तरीच्या आइमकानबाई बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी घेऊन मागच्या सीटवर चढल्याही. "चला, जावईबापू!"

आता ढकलून कसं भागणार? तेमिरकुलनं डोळे मिटून किक मारली. गाडी अशा वेगानं निघाली, की मागून आलेलं गाढव पुढे निघून गेलं.

"त्याच्यावर एक जागा आहे का, विचारा हो!" सासूबाई म्हणाल्या.

वळण आलं. गाडी थांबली.

"आई, खरं सांगू? महिनाभर मी गाडी नुसती ढकलतोय. भीती वाटते."

"ठाऊक आहे. इतकी मुकी मोटारसायकल मी तरी कधी पाहिली नव्हती!" त्या खाली उतरल्या. "घोड्यानं मला पाडलं, तेव्हा मी दोन वर्षं खोगिराला शिवले नाही. मग एकदा कुणी बघत नसताना चढले. मी पाठ फिरवते. वळण घ्या आणि पुलापलीकडे थांबा. मी येते चालत."

आणि त्यांनी खरंच पाठ फिरवली.

तेमिरकुलनं दात आवळले. खडी करकरली, चाक जरासं डुललं... आणि वळण मागे पडलं! पूलही मागे पडला! छातीत वारा भरला, आणि कित्येक महिन्यांनी तो मोठ्यानं गाऊ लागला. गाडी थांबली ती थेट मावशीच्या दारात. त्यानं ऐटीत हेल्मेट काढलं.

"जमलं, आई! जमलं!"

मावशी धावत बाहेर आल्या. त्यांनी वाकून त्याच्या मागे बघितलं.

"वा, जावईबापू! पण ताई कुठंय?"

त्या दिवशी तेमिरकुलनं ते वळण आणखी दोनदा घेतलं: एकदा, पुलापलीकडे कुणी न दिसल्यानं घरी निघालेल्या सासूबाईंना गाठायला, आणि एकदा मागच्या सीटवरून त्यांची बोलणी खात परत येताना. दोन्ही वेळा वळणाची भीती वाटायला त्याला सवडच झाली नाही!