निळ्या स्पंजाची गाडी

नवी गाडी घ्यावी की जुनी, हा प्रश्न जबाबदार माणसाने घाईघाईने सोडवू नये. दक्षिण कोरियातल्या चांगवॉन शहरात पंप बनवणाऱ्या एका कंपनीतले उपविभागप्रमुख ग्वाक तेसिक यांनी तो सात महिने सोडवला, आणि या काळात त्यांची गाडी एकदाही बिघडली नाही (गाडी नव्हती).

प्रश्न निघाला आईमुळे. आई म्हणजे मालसून आजी; त्यांची थोरली बहीण पुलाने जोडलेल्या नामहे बेटावर अंथरुणाला खिळली होती. तिचे डोळे गेले होते, कान जायच्या बेतात होते. बसच्या पायऱ्या चढायच्या म्हटलं की आजींचे गुडघे आधी नकार कळवत. "गाडी घेतली की पहिली फेरी तुझी," असं तेसिक यांनी वचन दिलं आणि रीतसर अभ्यासाला लागले.

अकरा कौटुंबिक बैठका झाल्या. विभागप्रमुख म्योंग साहेबांकडे मध्यम आकाराची नवी गाडी होती. तेव्हा तशीच नवी घेणं हा उद्धटपणा, आणि त्याहून मोठी घेणं म्हणजे राजीनामाच. लहान घ्यावी, तर इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये सुजिनच्या आईला, म्हणजे तेसिक यांच्या पत्नीला, "किती सुटसुटीत आहे हो तुमची गाडी" असं म्हणणार (अशा वाक्यानंतर एका कुटुंबाने घर बदललं होतं). जुनी घेतली, तर लिफ्ट सोडून कायमचा जिनाच.

सातव्या महिन्यात तोडगा निघाला. मध्यम आकाराची जुनी गाडी घ्यायची. साहेबांना ती जुनी म्हणून सांगायची आणि इमारतीला नवी म्हणून दाखवायची. दोन्ही गरजा एकाच इंजिनावर भागवणं कुठल्याही कारखान्याला अजून जमलेलं नाही.

दार उघडताना शेजारच्या गाडीवर आपटून रंग उडू नये म्हणून तिथे नव्या गाडीच्या दारांना निळ्या स्पंजाचे ठोकळे लावलेले येतात. ते वेगळे विकत आणून चिकटवले. सीटवर कडक पारदर्शक प्लास्टिक चढवलं. नव्या गाडीला अपघात होऊ नये म्हणून तिकडे पूजा करतात, तशी टायरांवर तांदळाची दारू ओतली, पांढरा दोरा गुंडाळलेला सुका मासा डिकीत ठेवला (तिथे आधीच्या मालकाचा मासा होता, दोघांनी जुळवून घेतलं).

मग पहिली फेरी. आजी काठी टेकत, किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या उग्र वासाच्या लोणच्याचा, डबा कवटाळून खाली आल्या.

"डबा डिकीत नको, आई. वास बसला की गाडी जुनी वाटते," तेसिक म्हणाले.

"मग मांडीवर घेते."

"आणि सांडलं तर?"

"तर मला घाल डिकीत."

"आई, काठीचं टोक जरा सांभाळा हं," सुजिनच्या आईने आदराने सांगितलं, "प्लास्टिक फाटतं."

आजींनी गाडीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "थोरलीला दिसत नाही रे आता. हा वास आला की ओळखेल मला."

मुद्दा भावनेचा होता, आणि भावनेचा वास सीटमधून जात नाही. शेवटी मध्यममार्ग निघाला: आजी आणि डबा बसने, कुटुंब गाडीने. म्हातारीला एकटी सोडायची नाही, म्हणून तेसिक यांनी काचा बंद करून सबंध वाट बसच्या मागे चाळीस मीटरवर गाडी ठेवली. आईची अशी पाठराखण करणारी मुलं आता राहिली नाहीत. दोन बस बदलताना दोन्ही ड्रायव्हरांनी आजींना दंडाला धरून वर ओढून घेतलं. तेसिक यांना हे काचेतून स्पष्ट दिसलं (काच स्वच्छ होती).

बहिणीच्या खोलीत आजींनी डब्याचं झाकण उघडलं. अंथरुणातलं नाक हललं.

"मालसून? कशानं आलीस गं?"

"बसनं," आजी तिच्या कानात ओरडल्या. "गाडी मागनं आलीय."

अंगणात शेजारी गाडीभोवती जमले होते. "नवी का?" एकाने विचारलं. "हो," तेसिक म्हणाले, आणि घरातून "बसनं" असं ऐकू आलं तसं घराचं दार ओढून घेतलं.

वाचकांना आजींची दया आली असेल. ती येणारच, आपण तसे नाही. तरी एकदा खाली जाऊन आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाहावं. प्लास्टिकचा कर्र असा आवाज आला, तर ती दया तशीच जपून ठेवावी. वापरलेली नाही, अगदी नवी आहे.