साडेअकराचं पान

आमच्या वरच्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकांचा दिवस साडेअकराला सुरू होतो. तसे ते पाचला उठतात, अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारातून भाजीही आणतात. पण साडेअकराच्या आत निर्णय म्हणून घ्यायचा नाही. काहीही विचारा, "थांब गो, अजून पान निघायचंय."

हे पान डच कॅलेंडरचं. रोज एक फाडायचं, रोज एक जुनी डच म्हण. त्यांची एकुलती एक लेक सायली नोकरीसाठी हॉलंडला असते. एकसारखी दोन कॅलेंडरं घेते, एक तिच्या स्वयंपाकघरात, एक काकांच्या. तिकडे सकाळचे आठ, म्हणजे आपले साडेअकरा वाजले की दोघांनी एकदमच पान फाडायचं. मग काका फोनवर म्हण मोठ्याने वाचतात, घशात मासळीचा काटा अडकल्यासारखी. सायली मराठीत अर्थ सांगते, आणि तो अर्थ संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला पुरतो. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे जातात, तेव्हा आमचे काका साडेबारापर्यंत बेकार!

डच लोकांचं सगळं शहाणपण गाय, लोणी आणि होडी एवढ्यातच बसतं म्हणे. वॉचमन उशिरा आला, त्याला होडी ऐकवली. मी नवऱ्याशी दोन दिवस बोलत नव्हते, मला लोणी. डोंबलाचं लोणी, म्हटलं मी. पण संध्याकाळी दोन कप चहा टाकला, हेही खरं.

दिवाळीत सायली आली होती. भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली, "काकू, मी आता एकच कॅलेंडर घेते, बाबांसाठी. सकाळी ऑफिसची धावपळ असते हो. त्यांना सांगू नका." मी सहा महिने गप्प बसले. माझ्यासारखीने!

परवा काकांच्या बाथरूमचं पाणी माझ्या ओट्यावर ठिबकायला लागलं. मी कॅम्प पाचच्या वस्तीतून प्लंबर आणला. तो करवत धरून उभा, "अंकल, पाइप काटू क्या? मला अजून दोन कामं आहेत." वाजले होते अकरा. काका म्हणाले, "थांब, पान निघू दे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, कसलं पान? सायली तिकडे कॅलेंडर लावतच नाही!"

बोलले आणि जीभ चावली.

काका स्टुलावर बसले. "ठाऊक आहे गो मला. मागच्या पावसात दोन पानं चिकटून निघाली. मी चुकून उद्याची म्हण वाचली. पोरगी म्हणते, हो बाबा, मीपण आत्ता हेच वाचलं."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? नुसतं 'कशी आहेस' विचारलं तर 'बरी आहे' म्हणून फोन ठेवते. अर्थ सांगायला दहा मिनिटं लागतात."

प्लंबरला म्हटलं, बस बाबा, चहा करते. खाली ओट्यावर ठिबकत होतं, ठिबकू दे.

साडेअकराला काकांनी पान फाडलं, फोन लावला, घसा खरवडून वाचलं. पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "हो बाबा, मीपण आत्ताच वाचलं."

"वाटलंच मला," काका म्हणाले. मग फोनवर हात ठेवून प्लंबरकडे वळले, "काट रे आता. पण आवाज नको करू."