महाराजांची सरळ रेघ

एका जंगलात एक चिचुंद्री राहत होती. तिचं नाव टोकी. नाक लांब, डोळे बारीक आणि आवाज इतका हळू, की ती बोलली तर ऐकणाऱ्याला वाटायचं, कुठेतरी बांबू कुरकुरला.

त्या जंगलाचा राजा सिंह होता. आपल्याकडच्या जंगलात सिंह कुठून आला, असं विचारू नका, मुलांनो. गोष्टीत सिंहच असतो. वाघाने दोनदा अर्ज केला होता, पण जागा भरलेली होती.

टोकी कधी कुठल्या गोष्टीच्या मधून जात नसे. तिला दिसायचं कमी, म्हणून ती मिशा टेकवत कडेकडेने चालायची. खडकाला वळसा, झाडाला वळसा, झोपलेल्या गव्याला वळसा. त्यामुळे जंगलातल्या प्रत्येक गोष्टीची कड तिला पाठ होती. मध्ये काय असतं, ते मात्र तिला कधी कळलं नाही.

सगळ्यात जास्त कुतूहल होतं राजगुहेच्या मधल्या भागाचं. दरवर्षी महाराजांच्या वाढदिवसाला तिथे संमेलन भरायचं. गुहेच्या तोंडाशी पाटी होती: 'ज्यांच्या अंगाला वास येतो त्यांनी बाहेर, वाऱ्याची दिशा पाहून बसावे.' पाटीवर कुणाचं नाव नव्हतं. रानडुक्कर ती वाचायचं आणि आत जायचं. तरस वाचायचं आणि आत जायचं. टोकी वाचायची आणि बाहेर बसायची.

आतून हशा यायचा. टाळ्या यायच्या. कशाला, ते कळायचं नाही. बाकीचे हसले की टोकीही बाहेर थोडं हसून घ्यायची. एकदा, फक्त एकदाच, आत बसून सगळं बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

आणि यंदा पाटीवर नवी ओळ आली: 'कार्यक्रम सादर करणाऱ्यांना आत बसता येईल.'

टोकीने ती ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा मिशांनी चाचपून पाहिली.

आता सादर काय करायचं? तिला नाच येत नव्हता. गाणं 'चुं' च्या पुढे जात नव्हतं. तिला येत होते फक्त वळसे.

त्या जंगलाच्या कडेला पर्यटक यायचे. ते जंगल बघायला यायचे आणि घरातला कचरा दाखवून जायचे. कडेचा कचरा म्हणजे टोकीचाच कचरा. तिने एकेक वस्तू ओढत आणली. किल्लीच्या साखळीला लटकलेला लाल लेझर दिवा. आकाशातले तारे दाखवायचा हिरवा. एका मोडक्या डिस्क प्लेअरच्या पोटातून काढलेला निळा. दोन फुटक्या रेडिओंचे दोन स्पीकर. पावडरच्या डबीतल्या आरशाचे नखाएवढे दोन तुकडे. तडा गेलेला एक मोबाइल.

तिच्या बिळाच्या वरच्या कपारीत एक म्हातारं वटवाघूळ लटकायचं. सगळे त्यांना उलटेकाका म्हणत.

"काय गं," काकांनी विचारलं, "संसार मांडतेस की मोडतेस?"

"यंत्र करतेय, काका. यातून रंगीत उजेडाचं चित्र पडेल."

"पडेल? कुणाला लागणार नाही ना?"

"डोळ्यात गेलं तर फार लागेल. म्हणून यंत्राच्या पेटीला झाकण केलंय. आणि चित्र सगळ्यांच्या डोक्यावरून, उंच भिंतीवर टाकणार आहे."

टोकीने स्पीकरवर आरशाचे तुकडे चिकटवले. स्पीकर थरथरला की आरसा थरथरायचा.

"हा आरसा उजेडाला डावी-उजवीकडे नेतो," ती म्हणाली. "हा दुसरा वर-खाली नेतो. उजेडाचा ठिपका एकच, काका. मोबाइल सांगेल तशी वळणं घेत तो चित्राच्या कडेकडेने पळतो. इतका जोरात पळतो, की बघणाऱ्याला ठिपका दिसतच नाही. रेघ दिसते."

"म्हणजे पळापळ सगळी ठिपक्याने करायची आणि नाव रेघेचं?"

"हो."

"मग तुला जमेल," काका म्हणाले.

जमायला अडीच महिने लागले. डिंक वाळला की आरसा तिरका व्हायचा. आरसा सरळ केला की तार सुटायची. लालवर हिरवा बरोबर बसवला तर पिवळा मिळतो, हे तिला एका मंगळवारी कळलं. त्यावर निळा बसवला तर पांढरा मिळतो, हे पुढच्या शुक्रवारी. तेव्हा ती आनंदाने चक्क उडाली.

काकांनी एक डोळा उघडला. "एवढा आटापिटा करून पांढरा? तो तर चुन्यातही मिळतो."

पहिलं चित्र तिने आंब्याचं काढलं. हिरवा देठ, पिवळं अंग, खालच्या चोचीला थोडी लाली. पण देठ आला खाली आणि चोच गेली वर. टोकीचं तोंड उतरलं.

"वा!" काका म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सुलटा आंबा काढला."

टोकीने निमूटपणे दोन तारांची अदलाबदल केली.

मग आलं खरं काम. वाढदिवसाला चित्र हवं महाराजांचं. टोकी दुपारी वडाखाली गेली. महाराज झोपले होते. तिने श्वास रोखला आणि मिशा टेकवत त्यांना वळसा घातला. एक नाही, सात. आयाळीत एका जागी टक्कल होतं, तिथे ती थांबली. डाव्या कानाला चीर होती, तिथे आत जाऊन बाहेर आली. पोटाला वळसा घालायला मात्र बाकी सगळ्या महाराजांपेक्षा जास्त वेळ लागला. सगळी वळणं तिने पाठ केली आणि मोबाइलमध्ये घातली. एकही गाळलं नाही.

आता परवानगी. संमेलनाचं सूत्रसंचालन करायचे कोल्हेसर. म्हणजे कोल्हा. तो कुणाला कधी काही शिकवत नसे, पण त्याला सर म्हणायची पद्धत पडली होती.

"नाव?"

"टोकी."

"कार्यक्रम?"

"लेझर शो."

"लेझीम!" कोल्हेसरांनी लिहून घेतलं. "छान. आपली संस्कृती. किती जणी आहात?"

"मी एकटीच. पण सर, लेझीम नाही, ले..."

"एकटीने लेझीम? धाडस आहे हं तुझं! वेळ सात मिनिटं. पुढचे!"

परवानगी लेझीमची मिळाली होती. पण आत जायची मिळाली होती ना! टोकी घरी आली ती पहिल्यांदाच रस्त्याच्या मधून.

संमेलनाचा दिवस उजाडला. संध्याकाळी गुहा गच्च भरली. टोकी पेटी ढकलत पाटीसमोरून आत गेली. रानडुकराने नाकाला पान लावलं. तिने तिकडे पाहिलं नाही. ती पेटी मांडून बसली. आत! खरोखर आत!

तेवढ्यात तबक घेऊन वानरेवहिनी आल्या. या माकडांच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. जंगलात काहीही नवीन आलं की आधी वहिनी त्याला कुंकू लावत. मागच्या वर्षी त्यांनी पुराच्या पाण्यालाही लावलं होतं.

"अगंबाई, नवं कोरं यंत्र! असंच कसं सुरू करायचं? यात मुख्य काय असतं गं?"

"आरसे," टोकी म्हणाली. "पण वहिनी, त्यांना बोट लावू नका हं. ते अगदी हलके..."

"काय म्हणाली?"

"काही नाही," शेजारची माकडीण म्हणाली. "बांबू कुरकुरला."

वहिनींनी झाकण उघडलं. वर-खाली हलणारा आरसा पुढेच होता. त्यांनी त्याच्या कडेला ओलं कुंकू लावलं. बोट भरून. मग हळद. मग अक्षता, त्या चिकटल्या. मग हात जोडले. सगळ्यांनीच जोडले.

"आणि आता," कोल्हेसर गरजले, "महाराजांच्या चरणी, लेझीम!"

टोकीने बटण दाबलं.

डावी-उजवीकडे नेणारा आरसा थरथरला. वर-खाली नेणाऱ्या आरशाच्या अंगावर कुंकू होतं, हळद होती, चार अक्षता होत्या. तो हललाच नाही.

भिंतीवर एक रेघ उमटली. आडवी. सरळ. बस्स.

गुहेत शांतता पसरली. महाराजांची शेपटी एकदा जमिनीवर आपटली.  टोकीला वाटलं, आता पाटीच्या बाहेर. कायमचं.

पण माईक हातात असताना कोल्हेसरांना शांतता सोसत नसे.

"रसिकहो!" ते म्हणाले. "पाहिलंत? महाराजांना चित्रात कोण पकडणार? कलावंताने एका रेघेत सगळं सांगितलं. महाराज कसे आहेत? सरळ! ना वाकडं, ना तिकडं! सरळ!"

गुहा टाळ्यांनी दणाणली.

"अय्या, खरंच!" वहिनी म्हणाल्या. "अगदी तस्सेच दिसतात."

महाराजांनी मान वेळावून रेघेकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले. "बारीकही दिसतोय जरा."

मुलांनो, शहाण्या चिचुंद्रीने इथे नमस्कार करून पेटी बंद केली असती. पण टोकीने अडीच महिने डिंक लावला होता. तिने बटण दाबून उजेड बंद केला. शेपटीच्या टोकाने आरशावरचं कुंकू पुसलं. अक्षता एकेक करून काढल्या. मग परत बटण दाबलं.

आणि भिंतीवर महाराज उभे राहिले.

सोनेरी, भलेमोठे, झळझळीत. आयाळीचा केस न् केस. मधलं टक्कल. चिरलेला कान. आणि पोट, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.



"हा कोण?" महाराजांनी विचारलं.

सगळे आपापले पंजे बघू लागले.

"तुम्ही, महाराज," टोकी म्हणाली.

नेमका त्याच वेळी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"यंत्र बिघडलं!" कोल्हेसर ओरडले. "रसिकहो, तांत्रिक बिघाड! मघाशी चित्र किती बरोबर होतं!"

"पुसलंन ना हिने!" वहिनी तबक घेऊन धावल्या. "शास्त्र असतं ते. उगाच लावतो का आम्ही?"

कुंकू लागलं. या वेळी दोन बोटं. रेघ परत आली. टाळ्या परत आल्या. आधीपेक्षा जास्त, कारण आता सगळ्यांना सुटल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी टोकीचा सत्कार झाला. तिला 'राजरेघकार' अशी पदवी मिळाली. काम सोपं होतं. दर संमेलनाला रेघ पाडायची. आरसा हलू द्यायचा नाही. आणि त्यासाठी तिला गुहेत जागा मिळाली. आत, मधोमध, पहिल्या रांगेत. कायमची.

"मग?" उलटेकाकांनी विचारलं. "इतकी वर्षं बाहेर बसलीस. आत काय असतं?"

टोकीने विचार केला. "एक रेघ असते," ती म्हणाली. "आणि सगळे तिला टाळ्या वाजवत असतात."

एका दुपारी जंगल झोपलं होतं. टोकी रिकाम्या गुहेत गेली. आरसा पुसला आणि यंत्र लावलं. महाराज भिंतीवर उभे राहिले. ती खाली बसून बघत राहिली.

मागे कुणीतरी श्वास घेतला. तिने वळून पाहिलं. दारात महाराज होते. खरे.

  महाराज चित्रासमोर येऊन बसले. चित्रातल्या कानाकडे त्यांनी पंजा दाखवला.

"हा कान," ते म्हणाले, "तरसाने फाडला होता. लहान होतो मी. फार रडलो होतो गं."

टोकीने धीर केला. "महाराज, चित्र बरोबर आलंय का?"

"अगदी बरोबर," महाराज म्हणाले. "तुझ्याइतकं बरोबर मला कुणी पाहिलं नाही."

ते उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"म्हणूनच सांगतो, कुंकू दोन बोटं जास्त लावत जा."

तात्पर्य: चित्र चुकीचं येत असेल, तर यंत्र दुरुस्त करावं. चित्र बरोबर येत असेल, तर यंत्राची पूजा करावी.