टंचाईच्या सभेतल्या दोन बत्त्या

या, असे पुढे सरका, सतरंजीवर जागा बख्खळ आहे. मंगळवार पेठेतल्या झुंबरबाईंनी देशापुढचे प्रश्न भर सभेत कसे आवरले, ते सांगतो.

साल चौऱ्याहत्तर. रॉकेल मिळता मिळेना आणि वीज दिवेलागणीलाच जायची. त्या गुरुवारी सात वाजता दत्ताच्या देवळात वाडीच्या गुंडूबुवांचं कीर्तन होतं. गॅसबत्तीच्या तेलाचा शब्द झुंबरबाईंनी बुवांना दिला होता. म्हणून सकाळपासून त्यांचा डबा रेशन दुकानाच्या पायरीवर पहिला होता.

पाच वाजता दुकानदार अंबादासशेठनी दुकानाच्या फळ्या लावल्या, टोपी झटकली आणि ते तालमीपुढच्या मंडपात गेले. तिथे परिसंवाद होता, ‘टंचाई : कारणे आणि उपाय’. अध्यक्ष खुद्द शेठ!

झुंबरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा उचलून त्या थेट मंडपात शिरल्या.

“शेठ, दुकान उघडा की. सकाळपास्नं डबा रांगंत हाय.”

“जरा दम काढा, झुंबरबाई. देशाचा प्रश्न चाललाय.”

“मग माझा डबा काय परदेशातनं आलाय व्हय?”

लोक हसले. शेठनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. पुण्याहून आलेले प्राध्यापक टंचाईची नऊ कारणं सांगत होते. अंधार पडला, व्यासपीठावर दोन गॅसबत्त्या सूंसूं करू लागल्या, तेव्हा कुठे तिसरं कारण संपलं.

“सामान्य माणसाने संयम ठेवला पाहिजे,” प्राध्यापक म्हणाले.

“ठेवलाय की,” झुंबरबाई डबा वाजवून म्हणाल्या. “ह्यात तेवढाच हाय.”

सात वाजत आले. चौथं कारण तर जागतिक निघालं. झुंबरबाईंनी उभ्या जन्मात शेकडो कीर्तनं ऐकली होती. लांबलेला बुवा कुठे थांबतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या उठल्या, डब्यावर ठेका धरला आणि खणखणीत आवाजात दत्ताची आरती सुरू केली.

सगळा मंडप उभा राहिला. शेठनी हात जोडले. देव न मानणारे प्राध्यापक जरा घुटमळले, पण दुसऱ्या कडव्याला टाळ्या वाजवू लागले. आरती संपली तशी माणसं सतरंज्या गुंडाळू लागली. आरतीनंतर भाषण कोण ऐकतो?

“आता उघडा दुकान.”

शेठनी मान खाली घातली. “पिंप मोकळं हाय, बाई. तळाला होतं ते ह्या बत्त्यांत घातलं.”

“म्हंजे टंचाईवर बोलाया माझंच त्याल जाळलं?”

झुंबरबाई प्राध्यापकांकडे वळल्या. “पावणं, धावं कारण लिवून घ्या. आणि ही बत्ती धरा.”

दुसरी त्यांनी स्वतः उचलली. पेठेत मिट्ट काळोख, त्यामुळे उजेड चालला तिकडे सगळी सभा चालली. एवढी गर्दी बघून देवळात गुंडूबुवांना गहिवरून आलं.

पूर्वरंग संपतो न संपतो तोच तेल सरलं आणि दोन्ही बत्त्या विझल्या. बुवा अंधारात गात राहिले. कुणी हललं नाही. खांबाजवळून तेवढी एक टाळी येत होती, जरा ताल चुकलेली, पुणेरी.

सकाळी झुंबरबाईंचा डबा पुन्हा पायरीवर, पहिला. तेव्हा मंडळी, कुठे भरल्या उजेडात टंचाईवर भाषण ऐकायला बसलात, तर त्या माउलीची एकदा आठवण काढा.