व्हर्लिनने मॅनिफोल्ड बदलला

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," असं व्हर्लिन स्टकीने बायकोला सांगितलं, तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि नोरीन स्वयंपाकघरात कोंबड्या उकडत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मागच्या खेपेस असंच एक अर्ध्या दिवसाचं काम निघालं होतं आणि त्यात न्हाणीघराची भिंत गेली होती.

"हात लावायलाच हवा का बाबांच्या गाडीला?"

"पाणी गळतंय गं. मॅनिफोल्डच्या कोपऱ्यातून. मंगळवारी भर मिरवणुकीत तुझ्या आईच्या पुढ्यात वाफ निघाली म्हणजे?"

चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीची यंदाची मानकरी नोरीनची आई अर्डिथबाई होती. अग्निशमन दलाच्या वार्षिक जेवणाला अर्डिथबाईंनी उभा जन्म चिकन-नूडल्स रांधले, त्याची गावाने ठेवलेली ही जाण. मानकऱ्याने उघड्या गाडीच्या मागच्या सीटच्या पाठीवर चढून बसायचं, हात हलवायचा आणि पोरांच्या अंगावर गोड गोळ्या उधळायच्या, एवढंच काम. पण अर्डिथबाईंनी समितीला सांगून टाकलं होतं की बसेन तर हेरल्डच्याच गाडीत, नाहीतर दुसरी मानकरी शोधा.

हेरल्ड म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. त्यांची गाडी म्हणजे लाल, उघड्या टपाची, आठ सिलिंडरची शेव्हेल. जाताना ती त्यांनी लेकीच्या नावे केली. किल्ली हातात देताना अर्डिथबाईंनी लेकीकडे न बघता जावयाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जशी आहे तशी राहू दे." तेव्हापासून व्हर्लिन ती गाडी नुसती पुसत होता. त्या इंजिनात काय काय दडलंय या विचाराने त्याला कित्येकदा झोप लागत नसे, पण पुसण्यापलीकडे त्याने हात लावला नव्हता. आता गळतीच्या निमित्ताने देवानेच बॉनेट उघडून दिलं होतं.

या गावात गॅरेजचं दार वर गेलं की ते आमंत्रण समजतात. व्हर्लिनने दार उचललं आणि हातात पाना घेतोय तोवर समोरच्या घरातून मर्ल होस्टेटलर कॉफीचा मग घेऊन हजर झाला.

"काय काढतोयस?"

"गॅस्केट बदलायचंय. मॅनिफोल्ड उचलायचा, नवं गॅस्केट ठेवायचं, परत बसवायचा."

"तोच?" मर्लने असं विचारलं की व्हर्लिनला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. "एवढं उघडायचंच आहे तर तो बिडाचा धोंडा कशाला परत बसवतोस? इंजिनाला श्वास तरी घेऊ दे की!"

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसणारा नळ्यांचा सांगाडा. वरच्या कार्ब्युरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल आठही सिलिंडरांना वाटून देणं हे त्याचं काम. मर्लच्या माळ्यावर शर्यतीच्या गाडीचा एक पडला होता, ॲल्युमिनियमचा, उंच, रुंद नळ्यांचा. तो त्याने आणून बाकावर ठेवला. व्हर्लिनने त्यावरून हात फिरवला आणि संपलंच. सासूबाईंचे शब्द आठवले नाहीत असं नाही. आठवले, पण त्यांना मॅनिफोल्ड म्हणजे काय हे कुठे ठाऊक आहे, असा विचार मागोमाग आला.

"आणि उंच मॅनिफोल्ड टाकायचाच आहे तर त्यावर तो लहानखुरा कार्ब्युरेटर शोभेल का?" मर्ल म्हणाला. मोठा कार्ब्युरेटरही माळ्यावर होताच.

काम मात्र दोघांनी मन लावून केलं. सांध्यातून गळू नये म्हणून मध्ये घातलेलं जुनं गॅस्केट खरवडून काढलं, नव्याच्या कडेला लांबी लावली, बोल्ट मधून कडेकडे क्रमाने आवळले. संध्याकाळी किल्ली फिरवली तेव्हा इंजिन असं गरजलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि शेजारच्या पाद्र्याचं कुत्रं ओसरीखाली शिरलं. व्हर्लिनच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मर्लने डोक्यावरची टोपी काढली.

मग व्हर्लिनने बॉनेट खाली घेतलं आणि ते चार बोटं वरच राहिलं.

त्याने दाबून पाहिलं. मर्लने त्यावर बसून पाहिलं. बॉनेट लागेना.

"तू मापलं होतंस ना?" व्हर्लिनने विचारलं.

"मी? गाडी कुणाची आहे?"

"अरे, पोरांच्या खेळातली चिकणमाती घ्यायची, तिचा गोळा वर ठेवायचा, बॉनेट लावायचं आणि किती चेपला ते बघायचं. हे तूच सगळ्या गावाला सांगत फिरतोस!"

"ते नवशिक्यांसाठी," मर्ल म्हणाला. "मी नजरेने मापतो."

जुना मॅनिफोल्ड परत बसवणं हा शहाणपणाचा मार्ग होता. दोघांनाही तो दिसत होता. पण ते गरजणं एकदा कानात बसल्यावर जुना परत बसवणार कोण? रविवारी, चर्च सुटल्यावर, दोघांनी बॉनेटवर खडूने चौकोन आखला आणि मर्लने पत्रा कापायची मशीन लावली. त्या भोकावर बसवायला एक टोपडं हवं होतं. तेही मर्लच्या माळ्यावर निघालं, फक्त ते पोपटी होतं.

मशीनचा आवाज ऐकून नोरीन बाहेर आली. हातातला कालथा तसाच होता.

"व्हर्लिन, हे काय आहे?"

"याला टोपडं म्हणतात. त्यातून हवा..."

"त्याच्या खाली काय आहे?"

"भोक."

"माझ्या बाबांच्या गाडीला तू भोक पाडलंस?"

"मी नाही," व्हर्लिन म्हणाला, "मर्लने पाडलं." त्याने वळून पाहिलं तर मर्ल रस्ता ओलांडून आपल्या दारात पोचलासुद्धा होता.

नोरीन कालथ्याने काही करेल असं वाटलं, पण ती पायरीवर बसली. "आई गाडीकडे बघून रडेल रे," ती म्हणाली. "तिच्याकडे बाबांचं एवढंच उरलंय." ती ओरडली असती तर व्हर्लिनला बरं वाटलं असतं. सोमवारी त्याने टोपडं लाल करायला घेतलं, पण दमट हवेत रंग वाळेना आणि त्यावर माश्या चिकटल्या. शेवटी नोरीननेच लाल-पांढऱ्या-निळ्या झालरी आणून त्या पोपटी कुबडावर गुंडाळल्या.

"आणि चालते ना नीट?" तिने विचारलं.

"नीट? काल मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर काढली होती. उडते!"

ते खरं होतं. व्हर्लिन आणि मर्लने गाडी तीनदा पळवून पाहिली होती आणि तिन्ही वेळा ती आधीपेक्षा जोरात पळाली होती. हळू चालवून बघावी, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी अर्डिथबाई निळा झगा, पांढरे हातमोजे आणि हॅट घालून आल्या. झालरींपाशी थांबल्या. एक झालर दोन बोटांनी उचलून त्यांनी आत बघितलं.

"हे हिरवं काय आहे?"

"हवा आत जायला, आई," व्हर्लिन म्हणाला.

"आणि इतकी वर्षं ही कुठून श्वास घेत होती?"

अर्डिथबाईंनी झालर खाली सोडली, ती नीट केली आणि मागच्या पाठीवर चढून बसल्या. त्यांनी रागाचा एक शब्द टाकला असता तरी चाललं असतं, असं व्हर्लिनला वाटत राहिलं.

मिरवणूक निघाली. पुढे शाळेचं बँडपथक, मग मानकऱ्यांची गाडी, मागे ट्रॅक्टरांची रांग. बँडची पोरं ज्या चालीने चालतील त्याच चालीने सगळ्यांनी जायचं. इथेच घोडं अडलं. शर्यतीचा मॅनिफोल्ड हा वाऱ्यासारखं धावण्यासाठी केलेला असतो. पावलापावलाने चालायचं म्हटलं की त्याच्या रुंद नळ्यांत पेट्रोल रेंगाळतं, इंजिन खोकतं आणि मान टाकतं. त्याला जिवंत ठेवायला पेडल दाबावं तर गाडी पुढच्या, ट्यूबाचा भोंगा वाजवणाऱ्या पोराच्या पोटऱ्यांवर जाते, म्हणून लगेच ब्रेक. पेडल, ब्रेक, पेडल, ब्रेक. मागे अर्डिथबाई प्रत्येक धक्क्याला मागे रेलत होत्या आणि प्रत्येक ब्रेकला पुढे झुकत होत्या. लोकांना वाटलं, म्हातारी उत्साहात वाकून वाकून नमस्कार करतेय. त्यांनीही वाकून उत्तर द्यायला सुरुवात केली.

"व्हर्लिन," मागून आवाज आला, "हिला उचकी लागलीय का?"

"गरम होतेय थोडी, आई. आत्ता थांबेल उचकी."

थांबली नाही. औषधाच्या दुकानापाशी इंजिनाने टोपड्यातून असा बार काढला की झालरींना भोक पडलं, ढोलवाल्यांचा ठेका चुकला आणि अर्डिथबाईंच्या हातातली गोळ्यांची अख्खी टोपली एका झटक्यात रस्त्यावर गेली. पोरांनी एकच आरोळी ठोकली. फुटपाथवरच्या कुणीतरी "पुन्हा!" असं ओरडून टाळ्या वाजवल्या. आणि बरोबर न्यायालयासमोर, जिथे महापौर, पाद्री आणि सगळी समिती खुर्च्या टाकून बसली होती, तिथे शेव्हेल बंद पडली.

व्हर्लिनने किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच गुरगुरलं. पुन्हा फिरवली. पेट्रोलचा वास सुटला. बँड वाजवत वाजवत लांब निघून गेला आणि मागचे ट्रॅक्टर एकेक करून थांबले. त्या शांततेत अर्डिथबाईंचा आवाज सगळ्या चौकाला ऐकू गेला.

"हेरल्डच्या हातात ही एकदासुद्धा बंद पडली नाही."

व्हर्लिनला वाटलं, आपणही आता इंजिनासारखी मान टाकावी. फुटपाथवर नोरीनने डोळ्यांवर हात ठेवला होता. मर्ल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावत आला आणि नोरीनची नजर दिसताच धावत परत गेला. शेवटी ट्रॅक्टरांवरून पाच-सहा शेतकरी उतरले, त्यांनी बाह्या सारल्या आणि गाडी ढकलायला सुरुवात केली. उरलेली मिरवणूक अशी पार पडली की पुढे बँड नाही, इंजिनाचा आवाज नाही, फक्त ढकलणाऱ्यांचं धापा टाकणं आणि वर ताठ बसून हात हलवणाऱ्या अर्डिथबाई. लोक उठून उभे राहिले. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या मानकऱ्याला इतका मान मिळाला नव्हता, पण ते व्हर्लिनला दिसलं नाही. तो स्टिअरिंगवर नाक टेकून बसला होता.

गावाबाहेर धान्याच्या कोठारापाशी शेतकऱ्यांनी गाडी सोडली आणि ते जेवणाकडे पांगले. व्हर्लिन तसाच बसून राहिला.

"आई," तो म्हणाला, "चुकलो मी. तुम्ही सांगितलं होतंत जशी आहे तशी राहू दे म्हणून. मी जुना मॅनिफोल्ड परत बसवतो. बॉनेटही नवं आणतो."

"आता चालू होईल का ही?"

व्हर्लिनने किल्ली फिरवली. रेंगाळलेलं पेट्रोल एव्हाना उडून गेलं होतं. इंजिन पहिल्या फटक्यात गरजलं, आणि कोठारावरची कबुतरं उडाली.

अर्डिथबाई मागच्या पाठीवरून खाली उतरल्या. वळसा घालून त्याच्या दारापाशी आल्या. हॅट काढून मागच्या सीटवर टाकली.

"सरक," त्या म्हणाल्या.

"आई, तुमचं लायसन्स तर कधीच संपलंय..."

"सरक म्हटलं ना."

तो सरकला. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना मका, आणि सगळा गाव जेवणाच्या रांगेत. अर्डिथबाईंनी हातमोजे घट्ट केले आणि पेडल जमिनीला लावलं. व्हर्लिन सीटला चिकटला. मागे धुळीचा लोट उठला, पोपटी टोपड्यावरच्या झालरी एकेक करून उडून गेल्या.

"इतकी वर्षं!" वाऱ्यात त्या ओरडल्या. "इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी बसले! घोडा विकत घेतला माणसाने आणि जन्मभर चर्चपर्यंत चालवत नेला! जरा पळव म्हटलं की म्हणायचा, इंजिनाला जपायला हवं, अर्डिथ!"

"मग जशी आहे तशी राहू दे का म्हणालात?"

"तो गेला होता रे! त्याच्या मनासारखं बोलायला नको?" आणि त्या इतक्या हसल्या की गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन परत आली. त्यांना असं हसताना व्हर्लिनने लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. भीतीने जीव गोळा झाला असूनही त्याला फार बरं वाटलं.

रेल्वेच्या फाटकापलीकडे, एका झाडाखाली पोलिसांची गाडी उभी होती. तिचे दिवे लागले. अर्डिथबाईंनी गाडी व्यवस्थित कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसल्या. शेरीफचा माणूस सावकाश चालत आला. त्याने अर्डिथबाईंकडे पाहिलं. मग व्हर्लिनकडे. मग परत अर्डिथबाईंकडे.

"कोण चालवत होतं गाडी?" त्याने रीतीप्रमाणे विचारलं.

"मी," स्टिअरिंग नसलेल्या उजवीकडच्या सीटवरून व्हर्लिन म्हणाला.

शेरीफच्या माणसाने डावीकडच्या सीटसमोर, स्टिअरिंगवर असलेल्या पांढऱ्या हातमोज्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"ऐकलंस ना?" अर्डिथबाई म्हणाल्या. "लिही त्याचं नाव. स्टकी. शेवटी वाय." आणि तो लिहायला गाडीकडे गेल्यावर, समोर बघत बघतच त्यांनी व्हर्लिनच्या गुडघ्यावर थाप मारली.

"हेरल्ड असता ना," त्या म्हणाल्या, "तर खरं सांगून मोकळा झाला असता."