सबनीसांचा टप

सबनीस मला जीपवर बादलीभर पाणी ओतायला लावायचे आणि स्वतः आत बसायचे. आत म्हणजे जीपच्या कॅनव्हासच्या टपाखाली, मांडीवर कोरडं वर्तमानपत्र पसरून. पाच मिनिटांनी बाहेर येऊन ते वर्तमानपत्र माझ्या हातात द्यायचे. "बघा, एक थेंब नाही. तुमच्या गच्चीला जमतं का हे?"

मी धायरीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्यामुळे गळकी गच्ची माझीच समजली जायची.

सबनीस लष्कराच्या डेपोत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावात निघालेली एक म्हातारी लष्करी जीप घेतली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचा विचारही नव्हता. जीप टेम्पोला बांधून आली आणि पार्किंगमध्ये उभी राहिली ती राहिलीच. इंजिनाकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. सगळा जीव टपावर. त्याला ताडपत्री म्हटलेलं खपत नसे. "ताडपत्री भाजीवाल्याची. हा कॅनव्हास आहे."

रोज सकाळी मऊ ब्रशने धूळ झाडायची. पाणी साधं, गार. साबण वर्ज्य. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी एकदा चांगुलपणाने धुण्याची पावडर देऊ केली. "आभारी आहे," सबनीस म्हणाले, "पण यानं डागाबरोबर पाणी अडवायचा गुणही जातो. तुमच्या साड्यांना पाणी अडवायचं नसतं, म्हणून चालतं." कबुतराने घाण केली, तर ती वाळेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसत. ओली घासली की आत मुरते, म्हणे.

त्यांच्या पत्नी बरीच वर्षं नाशिकला मुलीकडे राहत होत्या. हवापालट, असं सबनीस सांगत. इतकी वर्षं कुठली हवा पालटते, हे आम्ही त्यांच्या पाठीमागे विचारत असू.

मग सोसायटीत गाड्या वाढल्या, जागा पुरेना. सभेत ठराव झाला : न चालणारी वाहने हलवावीत. न चालणारं वाहन एकच होतं. नोटिशीवर सही माझी.

हिंजवडीतल्या एका तरुण साहेबाने जीप घेतली. सबनीसांची एकच अट होती : दर महिन्याला येऊन टप ते स्वतः साफ करणार.

"शुअर अंकल, एनी टाइम," तो म्हणाला.

दोन महिने सबनीस बस बदलत तिकडे गेले. तिसऱ्या महिन्यात वॉचमनने साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं. चौथ्यातही तेच. पाचव्या वेळी मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. ती सही टोचत होती, दुसरं काही नाही.

जीप बंगल्याच्या दारात शोभेला उभी होती. वर नवाकोरा, चकचकीत प्लॅस्टिकचा टप. जुना पंपाच्या खोलीत कोंबलेला सापडला, ओला असतानाच घडी घातलेला. सबनीसांनी घडी उलगडली. आत काळ्या बुरशीचे चट्टे पडले होते.

"तो फेकायचाच होता अंकल," साहेब म्हणाला. "घेऊन जा ना."

आता सबनीस काहीतरी झोंबणारं बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते फक्त "बरं" म्हणाले. टप स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो, तर टप दोऱ्यांना ताणून बांधलेला. बुरशी झाडून, धुऊन झाली होती. वाळला की मेणाचा हात द्यायचा होता.

"आता हा कशावर घालणार?" मी विचारलं.

"कशावरच नाही." ते एक गाठ घट्ट करत होते. "म्हणून काय सडू देऊ?"

मी जायला वळलो.

"सेक्रेटरी, घाई आहे?"

"नाही. का?"

"मग बसा. बाजू पालटायला दुसरा माणूस लागतो."

मी बसलो. तासाभराने बाजू पालटायची वेळ आली, तेव्हा ती त्यांनी एकट्यानेच सराईतपणे पालटली. मी नुसता पाहत राहिलो. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जीप होती तेव्हा तुम्ही लोक भांडायला तरी यायचात."

उन्हं कलली. टप केव्हाच वाळला होता. आम्ही दोघंही उठलो नाही.